अफगाण चर्च

मुंबईतील कुलाब्याच्या दक्षिण भागातील एक प्रसिद्ध प्रॉटेस्टंट चर्च. ‘सेंट जॉन द इव्हँजलिस्ट’ हे त्याचे मूळ नाव. पहिले इंग्रज–अफगाण युद्ध व सिंधमधील मोहिमा (१८३८–४३) यांत कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून ते उभारण्यात आले. पायाभरणी १८४७ मध्ये झाली, धर्मविधिपूर्वक समर्पण १८५८ मध्ये झाले आणि सु. ६० मी. उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. इंग्लंडकडून मिळविलेले आरंभीचे आराखडे खर्चिक ठरल्याने मागे पडले व हेन्री कॉनीबेअर याचा आराखडा स्वीकारण्यात आला. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाची योजना आखणारा अभियंता तो हाच.

या वास्तूचे मूल्यमापन करताना तिच्यापुढील आदर्श ध्यानात घ्यावा लागतो. तो इंग्लंडमधील मध्ययुगीन पॅरिश चर्चचा, म्हणजे एका धर्मोपदेशकाच्या अधिकारातील गावाच्या वा वस्तीच्या चर्चचा आहे. अशा चर्चची मांडणी साधी असते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे उपासकांचे मध्यदालन, त्याच्या बाजूंना खांबांच्या ओळींनी अलग केलेल्या पार्श्ववीथी, पूर्व टोकाला वेदीस्थान, या दोहोंच्या मध्ये जाळीदार कोरीव पडदा आणि बहुधा पश्चिमेस घंटांचा मनोरा. वेदीस्थानाची डागडुजी धर्मोपदेशकाने व मध्यदालनाची गावकऱ्यांनी करावी असा प्रघात असे. त्यामुळे हे दोन भाग पुष्कळदा निरनिराळ्या काळांतले आणि निरनिराळ्या ऐपतीचे दिसतात. बाराव्या शतकातील ठेंगण्या खांबांशेजारी तेराव्या शतकातील टोकदार कमानी व पंधराव्या शतकातील रुंद खिडकी हे दृश्य तेथे नित्याचे आहे. गाव वाढले की पार्श्ववीथीची भर पडे. लोकरीच्या व्यापारात पैसा आला की मनोरा उंच होई. महाराष्ट्रातील यादवकालीन देवळापुढे पुढील काळात लाकडी सभामंडप व दीपमाळ उभी राहिली, त्यातलाच हा प्रकार. एका आराखड्यातून निघालेली वास्तू असे तिचे स्वरूप क्वचितच असते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज धर्मसुधारकांना मात्र या सरमिसळीपेक्षा शुद्धतेचे आकर्षण अधिक होते. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने मध्ययुगीन गॉथिक हीच ख्रिस्ती उपासनेची खरी शैली होय, असे आग्रहाने प्रतिपादिले. खोल वेदीस्थान, उघडी दिसणारी खरी बांधणी आणि विशिष्ट कालखंडाशी इमान यांवर तिचा भर होता. तोवर भारतातील इंग्रजांची महत्त्वाची चर्चे लंडनमधील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या अठराव्या शतकातील अभिजात वळणाच्या चर्चच्या धर्तीवर बांधली जात. कलकत्त्याचे सेंट जॉन्स (१७८७) व मद्रासचे सेंट अँड्र्यूज (१८२१) ही त्याची उदाहरणे. कुलाब्याच्या चर्चने ही वहिवाट मोडली. तेराव्या शतकातील आरंभीच्या इंग्रजी गॉथिकच्या अरुंद, टोकदार खिडक्या आणि उंच निमुळता मनोरा यांसह ते भारतात अवतरले. विल्यम वेल्स याची काचचित्रे इंग्लंडहून आली. अंतर्भागाच्या सजावटीसाठी विल्यम बटरफील्ड या नामवंत वास्तुकाराचे साहाय्य लाभले. रंगीत फरशा इंग्लंडमध्ये तयार झालेल्या होत्या.

आयात केलेल्या या साहित्यापेक्षा स्थानिक दगडाने वास्तूला अधिक तारले आहे. बाह्यांगासाठी कुर्ल्याचा पिवळसर दगड व आतील खांब-कमानींसाठी पोरबंदरचा मऊ, फिकट दगड वापरलेला आहे. पहिला खडबडीत, तर दुसरा कोरीव कामाला सोईचा. या भेदामुळे बाहेरचा रांगडेपणा व आतील नाजूकपणा आपोआप साधला गेला. खिडक्यांचे अरुंदपणही येथे वेगळ्याच कारणाने सार्थ ठरते. इंग्लंडच्या मंद उजेडात तो शैलीचा एक टप्पा होता आणि नंतरच्या पिढ्यांनी खिडक्या रुंद करीत नेल्या; मुंबईच्या प्रखर उन्हात तोच गुण ठरतो. पावसाचे मात्र तसे नाही. इंग्लंडची रिमझिम व कोकणपट्टीचा तिरपा मारा यांतील अंतर या आराखड्याने पुरेसे ओळखलेले नाही, कारण भिंतींना सावली व आडोसा देणारा व्हरांडा पॅरिश चर्चच्या कल्पनेतच नव्हता. मुंबईच्या गॉथिकने हा धडा पुढे गिरविला. उच्च न्यायालय (१८७८) व त्या पिढीतील इतर सार्वजनिक इमारतींत टोकदार कमानी व्हरांड्यांच्या दर्शनी ओळी होऊन आल्या आणि शैली या हवेत खऱ्या अर्थाने रुळली. अफगाण चर्च त्या परंपरेच्या उगमाशी आहे. तिचा परिपाक म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे होईल.

मनोरा ही त्याची निर्विवाद सिद्धी होय. सपाट भूशिरावर तो दुरून दिसे आणि बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडे.

तथापि पॅरिश चर्चचे रूप आणि स्मारकाचा हेतू यांचा मेळ येथे पूर्णतः बसलेला नाही. गावच्या चर्चमध्ये गावाच्या पिढ्या नांदतात. त्याच्या फरशीखाली व आवारात त्याच गावची माणसे विसावलेली असतात. कुलाब्याला छावणी होती, गाव नव्हते. आणि ज्यांचे स्मरण करायचे ते शेकडो मैलांवर पडले होते. वेदीस्थानातील स्मृतिलेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत. साधे सैनिक नावे नोंदविता येऊ नयेत इतके असंख्य होते, एवढाच त्यांचा उल्लेख येतो. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना नष्ट झालेल्या सु. ४,५०० सैनिकांच्या दलात यूरोपीय सु. ७०० होते, बाकीचे हिंदी शिपाई; त्यांच्याबरोबर सु. १२,००० बाजारबुणगे होते. धर्माने ख्रिस्ती नसलेल्या या बहुसंख्यांना सामावून घेण्याची सोय या वास्तुप्रकारात मुळातच नव्हती, आणि त्याची निवड करताना हा प्रश्न उपस्थित झाल्याचे वास्तूवरून दिसत नाही. पराभवाच्या स्मृतीला दिलेले हे गंभीर, ऊर्ध्वगामी रूप म्हणूनच काहीसे परके वाटते.

नंतरच्या युद्धांतील मृतांच्या स्मृतिशिलाही भिंतींवर बसविलेल्या आहेत. बाकांना सैनिकांच्या बंदुका टेकवून ठेवण्यासाठी खाचा केलेल्या असून मध्ययुगीन इंग्लंडच्या कोणत्याही गावच्या चर्चमध्ये असा तपशील सापडणार नाही.