मूळ प्रत आणि चालती प्रत

एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली, तेव्हा राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचीही धूळधाण झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरातच होते. त्या ग्रंथनाशाची हळहळ त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये उमटली आहे. त्यांच्या स्वतःच्या लेखनाचे दैवही फारसे सरळ नव्हते. मोडीतील हे लेखन चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये बरेच संस्कार करून प्रसिद्ध केले. मूळ संहिता वाचकांपुढे आली ती १९६६ मध्ये, द. वा. पोतदारांच्या संपादनाने. मधली एकोणसाठ वर्षे मराठी वाचक गोडसे म्हणून काही अंशी वैद्यांनाच वाचत होता.

संगणकावरील जुन्या साहसखेळांच्या जतनातही नेमका हाच संहितेचा प्रश्न उभा राहतो. या खेळांत चित्र नसते. यंत्र स्थळाचे वर्णन करते, वाचक आज्ञा लिहितो आणि कथा पुढे सरकते. (मराठीत ‘दिवा घे’ म्हणताना क्रियापद शेवटी येते, इंग्रजी खेळांची आज्ञा त्यापासूनच सुरू होते.) विल क्राउदर या गुहासंशोधकाने केंटकीतील मॅमथ गुहेच्या परिचयातून १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘अ‍ॅडव्हेंचर’ रचला. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला आणि तीच प्रत सर्वत्र रूढ झाली. क्राउदरची प्रत नष्ट झाली असावी, ती निव्वळ गुहेचे यथातथ्य वर्णन असावी, असा समज होता. ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुन्या साठ्यात सापडली. डेनिस जर्झ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले, की बुटके आणि जादूचा शब्द मुळातच होते. अद्भुताचे सारे श्रेय वुड्स यांना देणारी समीक्षा त्यामुळे लटकी पडली. तरीही खेळ म्हणून वुड्स यांची प्रत अधिक रंगते, हे मान्य करावेच लागते. वैद्यांच्या प्रतीनेही गोडश्यांना वाचक मिळवून दिला होताच.

१९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉमने वेगळी वाट काढली. तिने आपल्या कथा एका कल्पित यंत्रासाठी लिहिल्या आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या यंत्राचा दुभाषा तेवढा नव्याने रचला. म्हणूनच ‘फ्रॉट्झ’सारख्या दुभाष्याच्या साह्याने त्या आजच्या संगणकावर, मूळ संहितेचे एक अक्षरही न बदलता, चालतात. संपादकाने मजकुराला हात न लावता वाचकाला मोडी शिकवावी, तसा हा प्रकार आहे. जतनाची याहून प्रामाणिक रीत संभवत नाही.

मात्र तीही अपुरी ठरते. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खुनाच्या कथेत चकतीवर न मावलेला मजकूर छापील कागदांच्या रूपाने खोक्यात घातलेला होता : जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि सोबत काही गोळ्याही. केवळ चकतीवरचा मजकूर जतन झाला, तर कथा बिनचूक सुरू होते, वाचक तपासाला लागतो, आणि जबान्यांची पाने त्याच्या हाती नसतात.