न जुळवलेल्या गिटारी

सेपुल्तुरा या ब्राझीलच्या मेटल बँडचा 'मॉर्बिड व्हिजन्स' हा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १९८६ च्या नोव्हेंबरात आला. त्यात आठ गाणी आहेत. वाजवणारी चारही मुलं विशीच्या आतली. गाणारा आणि गिटार वाजवणारा मॅक्स काव्हालेरा सतरा वर्षांचा होता, तर ड्रम वाजवणारा त्याचा धाकटा भाऊ इगोर जेमतेम सोळा. रेकॉर्डिंगच्या वेळी गिटारी नीट जुळवलेल्या नव्हत्या, हे बँडनेच पुढे मोकळेपणाने सांगितलं. इंग्रजी त्यांना धड येत नव्हतं, तरी गाणी इंग्रजीत होती. आवाज असा, की पहिल्यांदा ऐकताना आपल्याच यंत्रात बिघाड आहे असं वाटावं. चाळीस वर्षं होत आली, पण हा अल्बम चांगला की वाईट यावर ऐकणाऱ्यांचं एकमत झालेलं नाही. एकाच बँडच्या चाहत्यांमध्ये इतकी टोकाची मतं मी दुसऱ्या कुठल्या अल्बमबद्दल ऐकलेली नाहीत.

इंग्रजीत अशा ध्वनीला 'रॉ' म्हणतात. मराठीत काय म्हणावं, यावर मी बराच अडलो. 'कच्चा' म्हटलं तर पिकायचा राहिलेला, असा अर्थ होतो. 'रांगडा' म्हटलं की त्यात कौतुक आधीच मिसळलेलं असतं. 'ओबडधोबड' त्यातल्या त्यात तटस्थ, पण त्यातून आवाज ऐकू येत नाही. ऐकणाऱ्यांमधला वाद बघितला तर तो पुष्कळसा या तीन शब्दांमधलाच आहे.

आधी ही मुलं कुठली, ते पाहू. बेलो होरिझोन्ते ही मिनास जेराइस राज्याची राजधानी, १८९७ साली आखून वसवलेली. राज्याच्या नावातच खाणी आहेत. तिथून आधी सोनं निघालं, पुढे लोखंड. आसपासच्या जुन्या गावांत बरोक शैलीची देखणी चर्चेस आहेत आणि समाज मुरलेला कॅथलिक. त्यामुळे या अल्बममधला क्रूस, सैतान आणि थडग्यांचा सगळा मालमसाला परदेशी बँडांकडून उचललेला असला, तरी तो ज्याच्या अंगावर फेकायचा ते लक्ष्य घराच्या दारातच उभं होतं. याच शहरातल्या मित्रमंडळातून १९७२ साली मिल्तोन नासिमेन्तो आणि लो बोर्जेस यांचा 'क्लुबे दा एस्किना' आला होता. ब्राझीलच्या लोकप्रिय संगीतातला तो अत्यंत तलम, नजाकतीचा अल्बम. म्हणजे या शहराला चांगलं वाजवता येत नव्हतं, असं मुळीच नाही.

काव्हालेरा भावांचे वडील इटालियन वकिलातीत नोकरीला होते. ते अकाली गेले आणि घराची घडी विस्कटली. देशात १९६४ पासूनची लष्करी राजवट १९८५ मध्ये संपत होती. परदेशी वाद्यं आणि रेकॉर्ड मिळणं अवघड, मिळाल्या तर महाग. १९८५ च्या जानेवारीत 'रॉक इन रिओ' महोत्सवात आयर्न मेडन, एसी/डीसी, ऑझी ऑस्बर्न ही मंडळी प्रत्यक्ष येऊन वाजवून गेली आणि देशभरच्या पोरांना वेड लागलं. पण या चौघांचे देव आणखी अंधारातले होते: इंग्लंडचा व्हेनम, स्वित्झर्लंडचा सेल्टिक फ्रॉस्ट, जर्मनीचा सोडोम. शहरातल्या 'कॉगुमेलो' नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाने (अर्थ: अळंबी) स्वतःच रेकॉर्ड काढायला सुरुवात केली आणि १९८५ च्या अखेरीस 'बेस्टियल डिव्हॅस्टेशन' ही अर्धी तबकडी आणली. अर्धी अशासाठी, की एका बाजूला सेपुल्तुरा आणि दुसऱ्या बाजूला त्याच शहरातला 'ओव्हरडोस' हा बँड होता. या दुसऱ्या बाजूकडे पुन्हा यायचं आहे. तिच्यानंतर वर्षभरात 'मॉर्बिड व्हिजन्स'.

मी स्वतः या बँडकडे उलट दिशेने आलो. मित्राकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर आधी 'अराइज' (१९९१) ऐकला, मग 'केऑस ए.डी.' (१९९३), मग ब्राझीलच्या शावान्ते आदिवासींसोबत काही भाग रेकॉर्ड केलेला 'रूट्स' (१९९६). जगभरातल्या बहुसंख्य श्रोत्यांचा मार्ग साधारण हाच. रिओत अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ स्कॉट बर्न्सच्या हाताखाली रेकॉर्ड झालेल्या 'बिनीथ द रिमेन्स'ने (१९८९) बँड जगापुढे नेला. तो घट्ट, धारदार ध्वनी कानात बसल्यावर मागे वळून पहिला अल्बम लावणारा माणूस दचकणारच. या वाटेने आलेल्यांचं मत बहुधा असं असतं: इतिहास म्हणून ठीक आहे, एकदा ऐकावा, 'ट्रूप्स ऑफ डूम' हे एक गाणं ठेवावं, बाकी पोरखेळ. माझा ध्वनिमुद्रण करणारा एक मित्र तर याला रेकॉर्डिंग म्हणायलाही तयार नाही. ड्रमवर इतका घुमारा चढवला आहे की ठोका संपतो कुठे ते कळत नाही, हा त्याचा आक्षेप. तो बरोबरच आहे.

दुसरा गट नेमकं उलटं म्हणतो. त्यांच्या मते सेपुल्तुरा इथेच खरा होता, पुढे नुसता चकचकीत होत गेला. या लोकांची संख्या मोठी आहे आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच जण हा अल्बम आला तेव्हा जन्मलेलेही नव्हते. त्यांना हा आवाज आवडायला कुठे शिकवलं गेलं, हे शोधत गेलं की आपण ब्राझील सोडून नॉर्वेत पोचतो.

डार्कथ्रोन या नॉर्वेजियन बँडचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' (१९९१) स्टॉकहोममधल्या नावाजलेल्या सनलाइट स्टुडिओत झाला. सफाईदार वाजवलेला, व्यवस्थित रेकॉर्ड केलेला डेथ मेटल. पुढच्याच वर्षी 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय'मध्ये त्यांनी ती सफाई फेकून दिली आणि १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' तर घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. येत असताना, मिळत असताना नाकारलेला तो आवाज होता. त्या पिढीच्या कानात बेलो होरिझोन्तेचा आवाज होताच. सेपुल्तुरात सुरुवातीला काही काळ गाणाऱ्या वाग्नेरचा सार्कोफागो हा बँड नॉर्वेच्या मंडळींना फार प्रिय होता. पण त्यांनी तो आवाज एक शैली म्हणून घेतला. नव्वदनंतरचा श्रोता या शैलीवर वाढला आणि मग मागे जाऊन १९८६ च्या पोरांनाही त्याच मापाने मोजू लागला. जे अभावातून आलं होतं ते त्याला ठरवून केलेलं वाटलं.

माझ्या भाच्याने पहिल्यांदा हा अल्बम ऐकून विचारलं होतं, "मामा, हे मुद्दाम असं केलंय का?" मी म्हटलं, "नाही रे, त्यांना याहून चांगलं जमत नव्हतं." तो थोडा खट्टू झाला. त्याच्या लेखी अल्बमची किंमत एकदम उतरली. मला हे विलक्षण वाटतं. मुद्दाम बेसूर वाजवणारा कलावंत, आणि सुरात लावायचं राहून गेलं तो अडाणी; कानावर पडणारा ध्वनी मात्र दोन्हीकडे तोच!

त्या ध्वनीत काय घडतं, ते आपल्याकडच्या वाचकाला समजावणं सोपं आहे. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकाच षड्जात लावायच्या असतात. त्या किंचित सरकल्या की आवाजात एक हेलकावा येतो. तो हळूहळू मंद होत थांबला की जोड मिळाली असं समजतात. गिटारचंही तेच. एका गिटारीची तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते आहे आणि दुसरीवरची तीच तार ११२ वेळा, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. आता या दोन्ही गिटारींचा आवाज मेटलमध्ये करतात तसा फाडला, म्हणजे डिस्टॉर्शन दिलं, की मूळ स्वरावरचे उपस्वर उसळून वर येतात. दुसऱ्या उपस्वरात चार हेलकावे, तिसऱ्यात सहा, असे एकाच वेळी अनेक वेगांचे हेलकावे एकमेकांत मिसळतात. 'मॉर्बिड व्हिजन्स'मधल्या गिटारींचा जो ढवळलेला, गढूळ, मधमाश्यांच्या मोहोळासारखा आवाज चाहते 'वातावरण' या एका शब्दात गुंडाळतात, त्यातला मोठा वाटा या हेलकाव्यांचा आहे, असं मी कितीदा तरी ऐकून म्हणतो. तो गूढ वगैरे काही नाही. पण तो खरा आहे आणि त्याने गाण्यांचं काम केलं आहे, एवढं टीका करणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

नशिबाने हे पडताळून पाहायची सोय आहे. 'ट्रूप्स ऑफ डूम'ची तीन रेकॉर्डिंगं उपलब्ध आहेत. पहिलं १९८६ चं. दुसरं १९९० मध्ये 'स्किझोफ्रेनिया' पुन्हा निघाला तेव्हा त्याला जोडलेलं, ज्यात हायरो गेदसच्या जागी आलेला आंद्रेआस किसर आहे. आणि तिसरं २०२३ चं. तोवर सेपुल्तुरातून केव्हाच बाहेर पडलेल्या दोघा भावांनी, काव्हालेरा या आडनावाने, पहिल्या दोन्ही रेकॉर्ड नव्याने वाजवून काढल्या. त्यात बास मॅक्सचा मुलगा वाजवतो.

१९९० चं रेकॉर्डिंग सर्वांत नेटकं. गिटारी सुरात, ठोके जागच्या जागी, किसरची गिटार स्वच्छ. आणि मला ते सर्वांत कमी आवडतं, कारण त्यातून बँड काय शिकला एवढंच कळतं. २०२३ चं अधिक कठीण प्रकरण आहे. त्यात वजन आहे. मॅक्सचा आवाज खाली उतरलेला, जाड झालेला. इगोर पन्नाशी ओलांडलेला, हात पक्के. ज्यांना जुन्या रेकॉर्डिंगमधली गाणी कधी ऐकूच आली नव्हती त्यांना ती यात ऐकू आली, आणि ती गाणी म्हणूनही चांगली आहेत हे सिद्ध झालं. पहिल्या गटातल्या कित्येकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. दुसऱ्या गटाने नाक मुरडलं: घुमारा गेला, गढूळपणा गेला, राहिलं काय?

माझ्या मते जे गेलं ते घुमाऱ्यात नव्हतंच. १९८६ च्या रेकॉर्डिंगमध्ये वेगवान भाग आला की इगोर त्या वेगाच्या कडेवर असतो. ठोका किंचित पुढे पळतो, मग मागे ओढला जातो, गिटारी त्याला गाठायला धावतात आणि चौघं मिळून पुढच्या वळणाशी कसेबसे पोचतात. पोचतील की नाही, हे ऐकणाऱ्याला दर वेळी माहीत नसतं. बहुधा त्यांनाही नव्हतं. २०२३ मध्ये सगळे आरामात पोचतात. सोळाव्या वर्षीची ती ओढाताण पन्नाशीत पुन्हा करून दाखवायची तर नाटकच करावं लागलं असतं. ते त्यांनी केलं नाही, याबद्दल मला या भावांचा आदरच वाटतो.

रॉपणाच्या भक्तांशी माझं भांडण आहे ते इथे. आज संगणकावर हवी तितकी खरखर, हवा तितका टेपचा थरथराट विकत मिळतो. सुस्थितीतले श्रोते, त्यात मीही आलो, चांगल्या हेडफोनवर गरीब पोरांच्या अडचणीचा आस्वाद घेतात आणि ती पोरं पुढे चांगला स्टुडिओ वापरू लागली की त्यांनी दगा दिला असं म्हणतात. चांगली गिटार हवी असणं यात दगा कसला? आपल्याकडे सायक्लोस्टाइल करून काढलेल्या अनियतकालिकांबद्दल असंच हळवं बोललं जातं. पुसट शाईचं कौतुक करणाऱ्यांनी त्या पानांतल्या किती कविता वाचल्या होत्या, कोण जाणे. ती पानं काढणाऱ्यांना चांगला छापखाना मिळाला असता तर त्यांनी तो नाकारला असता असं मला वाटत नाही.

मात्र 'बिचाऱ्यांना जमत नव्हतं' हे उत्तरही शेवटपर्यंत टिकत नाही, आणि त्यासाठीच ती अर्धी तबकडी. 'बेस्टियल डिव्हॅस्टेशन'च्या दुसऱ्या बाजूला ओव्हरडोसची 'सेकुलो व्हींत्ची', म्हणजे 'विसावं शतक', ही गाणी आहेत. वर्ष तेच, शहर तेच, कंपनी तीच, दुष्काळही तोच. तरी वाजवणं कितीतरी स्वच्छ, चाली पारंपरिक हेवी मेटलच्या. म्हणजे त्या परिस्थितीतही सुरात वाजवता येत होतं आणि ते कसं ऐकू येतं हे सेपुल्तुराच्या पोरांना शेजारीच कळत होतं. गिटार जुळवायला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं आणि बरा कान लागतो. त्यांनी ती दोन मिनिटं खर्च केली नाहीत. आळस होता, घाई होती, की आपल्याला जे काढायचं आहे त्यात याने काही बिघडत नाही अशी खात्री होती? मी तिन्हींच्या बाजूने झुकून पाहिलं आहे. अलीकडे तिसऱ्याकडे जास्त झुकतो. गिटारी न जुळवता रेकॉर्ड बाजारात सोडणाऱ्या मुलांना आपण कोणासारखं वाजवायचं हे माहीत नसेल, पण शेजारच्यासारखं वाजवायचं नाही हे पक्कं माहीत असावं.

ती अर्धी तबकडी मी लावतो तेव्हा हल्ली आधी ओव्हरडोसची बाजू लावतो. ती चांगली आहे. ब्राझीलबाहेर ती फारशी कोणी ऐकत नाही.