उचललेलं गाणं, उमजलेलं गाणं



मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगी आम्हाला दारापाशी भेटली. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची ती मुलगी. गाणं शिकते, स्पर्धांतून गाते, घरी ध्वनिमुद्रण करून लोकांना ऐकवते. नुकत्याच एका स्पर्धेत तिने एका मोठ्या गायिकेचं गाणं म्हटलं. परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं की, डोळे मिटले तर मूळ गायिकाच गाते आहे असं वाटतं. बक्षीसही मिळालं. आणि ती आम्हाला म्हणाली, "सर, मूळ गायिकाच वाटत होती, तर मग मी तिथे कशाला होते?"

मित्रहो, तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची पस्तीस वर्षं गेली. पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच ऐकायला मिळाला. त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान हे ते राहिलेलं उत्तर आहे असं समजा. दुसऱ्याचं गाणं, ज्याला आजची मुलं 'कव्हर' म्हणतात, ते आपलं कधी होतं?

सुरुवात आपल्याच गावापासून करू. बीबी का मकबरा आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिला आहे. पाहुणे आले की नेतोच आपण. आणि पाहुणा काय म्हणतो? "ताजसारखाच आहे, पण ताज नाही." औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी 1660 च्या सुमारास ही इमारत उभी राहिली. रचनाकार अताउल्ला. आणि ताजमहालाची रचना ज्याच्या नावावर सांगितली जाते, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. म्हणजे बापाची चाल मुलाने म्हटली, असंच म्हणायचं! पैसा कमी होता. संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी दगडावर चुन्याचा गिलावा. आता गंमत अशी, की हा मकबरा जिथे ताजशी बरोबरी करायला जातो तिथे तो हरतो. पण त्या गिलाव्यातली नक्षी जवळ जाऊन बघा. तिथे ताजची आठवण येत नाही. जे साहित्य हाताशी होतं त्याच्याकडून जे होईल ते तिथे केलेलं आहे. पाहुणा मात्र ताज मनात घेऊन येतो आणि समोरची भिंत न बघताच परत जातो.

गाण्याच्या बाबतीत असा पाहुणा आम्हीही होतो. ती हकिगत आता सांगतो.

आमच्या वडिलांनी बालगंधर्वांना रंगमंचावर ऐकलेलं होतं. घरी त्यांच्या तबकड्या होत्या, 78 च्या वेगाच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. त्या तबकडीला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. आम्ही कॉलेजात असताना कुमार गंधर्वांची एक ध्वनिमुद्रिका आणली, 'मला उमजलेले बालगंधर्व'. वडिलांना मोठ्या उत्साहाने लावून दिली. त्यांनी पहिलं पद शेवटपर्यंत ऐकलं, उठले, यंत्र बंद केलं आणि एवढंच म्हणाले, "हे त्यांचं नाही." आम्हीही तेव्हा त्यांच्याच बाजूचे झालो. पुढची वीसेक वर्षं कुमारजींच्या त्या गाण्याला आम्ही 'बिघडवलेलं' म्हणत आलो. वडील गेल्यानंतर एका दुपारी दोन्ही लागोपाठ ऐकलं आणि आमची चूक कळली. काय कळलं, तेच आज सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण 'मूळ गाणं' म्हणतो ते खरंच मूळ असतं का? मराठी संगीत नाटकाची जुनी पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'चाल' आणि पुढे कुठल्या तरी आधीच्या गाण्याचं नाव. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा साकी, दिंडी आणि कानडी चाली त्यांनी मोकळेपणाने घेतल्या. 1911 साली 'मानापमान' आलं. गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूरबच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग मराठी पदांत आणला. 1916 च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशींवर पदं बांधली. म्हणजे ज्या गाण्याला आमचे वडील हात धुऊन स्पर्श करत, ते गाणं पुष्कळदा स्वतःच कुणाची तरी चाल घेऊन आलेलं होतं. शिवाय बालगंधर्व रंगमंचावर 'वन्समोअर' घेत तेच पद पुन्हा पुन्हा गात, आणि तबकडीवर तीन मिनिटांत बसवत. यातलं मूळ कुठलं? तेव्हा मूळ नावाची एकच गोष्ट कुठे तरी कुलपात ठेवली आहे आणि बाकीच्या नकला, हे चित्र सोडून द्यायला हवं.

मग नक्कल म्हणजे काय? इथे आपल्या परंपरेतलं एक जुनं भांडण उपयोगी पडतं. भरताच्या नाट्यशास्त्रावर बोलताना श्रीशंकुकाने म्हटलं की, रस हे अनुकरण आहे. चित्रातला घोडा बघून आपण 'हा घोडा' म्हणतो ना, तसा नट पाहून 'हा राम' म्हणतो. यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी विचारलं, अनुकरण कुणाचं? रामाला पाहिलंय कुणी? आणि हातवारे, आवाज यांची नक्कल होईल, पण मनातल्या शोकाची नक्कल कशी करणार? अभिनवगुप्ताने पुढे सांगितलं की, नुसत्या नकलेतून हसू येतं. आजही बघा, नकलाकार मोठ्या गायकाचा आवाज हुबेहूब काढतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो आणि हसतोसुद्धा. गाणं करुण असलं तरी हसतो. कारण आपल्याला त्यातला शोक ऐकू येत नाही. ऐकू येते ती लकब.

लकब आणि गाणं, हा भेद आजच्या बोलण्याचा कणा आहे. आता कुमारजींकडे येऊ.

कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. जन्म 8 एप्रिल 1924, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. लहानपणी त्यांची ख्याती कशाची होती? नकलेचीच! मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हे पोर हरकती-मुरक्यांसकट गाऊन दाखवी आणि सभा थक्क होत. स्पर्धेतल्या त्या मुलीला आम्ही हे मुद्दाम सांगणार आहोत. हुबेहूब गाता येणं हा दोष नाही. त्यासाठी कान लागतो आणि तो फार थोड्यांना असतो. पण हा मुलगा तिथे थांबला नाही. मुंबईत बी. आर. देवधरांकडे तो शिकला. पुढे क्षय झाला. 1948 मध्ये ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं. पुन्हा गाऊ लागले तेव्हा फुप्फुसाला कायमची इजा झालेली होती. त्यांच्या गाण्यातले छोटे, एकदम झेपावणारे स्वरसमूह आणि मधली शांतता यांचा संबंध अनेकांनी या आजाराशी जोडला आहे. तो कितीही असो, एक गोष्ट खरी की बालगंधर्वांची ती संथ, न तुटणारी धार त्यांनी आपल्या गळ्यावर लादली नाही.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकताना आम्हाला असं जाणवलं: बालगंधर्व मुखड्याकडे पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी तोच शब्द किंचित वेगळ्या वजनाने ठेवतात. आवाजात आर्जव असतं, लाडिकपणा असतो. कुमारजींनी यातलं काय ठेवलं? मुखड्याकडे परतण्याची ओढ ठेवली. लयीची चाल ठेवली. शब्द पुसट होऊ दिला नाही. आणि काय सोडलं? आर्जवाचा तो सूर, तो लाडिकपणा, म्हणजे नकलाकार जे सगळ्यात आधी उचलतो नेमकं ते. बालगंधर्व जिथे स्वर लांबवतात, तिथे हे स्वर सोडून देतात आणि ती जागा रिकामी ठेवतात. त्या रिकाम्या जागेत आपल्याच मनात बालगंधर्वांचा स्वर वाजतो. 'उमजलेले' हा शब्द त्यांनी उगाच नाही निवडला. 'समजलेले' नाही, 'आवडलेले' नाही. मला एवढं उमजलं, यात नम्रता आहे, आणि हे उमजणं माझं आहे, त्याचा जाब मी देईन, हा दावाही आहे.

पण टीका करायची तर पुरती करावी. या गाण्यात काही हरवलंही आहे. बालगंधर्व एकटे गात नव्हते. 'मानापमान'मध्ये भामिनी गात होती, 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी, 'एकच प्याला'मध्ये सिंधू. दारुड्या नवऱ्याच्या घरात मोडत चाललेली बाई जे बोलू शकत नाही, ते पदात म्हणत होती. कुमारजींच्या गाण्यात सिंधू नाही. तिच्या दुःखाचा आकार आहे, ती नाही. 'गीतरामायणा'तही असंच होतं. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ती 56 गीतं वर्षभर निरनिराळ्या गायकांनी गायली. सीतेचं गाणं माणिक वर्मांच्या आवाजात आलं. पुढे सुधीर फडके एकटेच सगळी गाऊ लागले, तेव्हा पात्रं मागे सरली आणि कथा सांगणारा पुढे आला. मिळालं पुष्कळ, पण थोडं गेलंही. गाणं आपलं करताना काही तरी गमवावं लागतं. ते काय गमावलं हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते केलं असं म्हणावं. ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून ते नुसतं घडलं.

उलट, कधी हुबेहूबच हवं असतं. 2011 च्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाटे गायले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे पडद्यावर बालगंधर्वच उभे आहेत. आवाज त्यांचा वाटायलाच हवा. पात्राची तशी मागणी आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या समोर अशी मागणी आहे का?

कायद्याची गंमतही ऐका. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कव्हर व्हर्जनसाठी वेगळं कलम आहे. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं लोटल्याशिवाय त्या कलमाखाली ते करता येत नाही, आणि तांत्रिक गरज नसेल तर मालकाच्या संमतीवाचून मूळ रचनेत बदलही करता येत नाही. कायद्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, कारण तो मालमत्ता सांभाळतो. म्हणून गाणाऱ्याने परवानगी रीतसर घ्यावी. पण यातून एक नीट दिसतं, की शब्द आणि चाल न बदलताही गाणं आपलं होऊ शकतं. बदल केला म्हणजे आपलं झालं, हा समज खोटा आहे. चार ताना जास्त घातल्या, ठेका बदलला, गिटार आणली, तरी गाणं परक्याचंच राहू शकतं. परक्याच्या घरात फर्निचर हलवलं म्हणून घर आपलं होत नाही.

मग करायचं काय? आम्ही गवई नाही. ऐकणारा म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, सूर बाजूला ठेवून आधी शब्द बोलून बघा. हे कोण, कुणाला, का म्हणतंय, ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. दोन, पट्टी आपल्या गळ्याची घ्या. परक्या पट्टीत बरेचदा परकी लकबही येते. तीन, मूळ गाणं पाठ होईपर्यंत ऐका आणि मग महिनाभर ऐकू नका. महिन्यानंतर जे उरेल, ते बहुधा गाणं असेल. जे गळून पडेल, ती लकब. चार, प्रत्येक बदलासाठी एक कारण द्या. 'छान वाटतं' हे कारण धरू नका.

आता वडिलांच्या त्या वाक्याकडे परत येतो. "हे त्यांचं नाही." इतकी वर्षं आम्हाला ते दोषारोपासारखं वाटलं. पण वाक्य अक्षरशः खरं होतं! ते त्यांचं नव्हतंच, कुमारांचं झालं होतं. वडिलांचा कान चुकला नव्हता. चूक आमची, की आम्ही त्याचा निष्कर्ष 'म्हणून वाईट' असा काढला. आणि वडिलांना त्या दिवशी बहुधा सिंधू भेटली नाही, म्हणून ते उठले. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं. आज ते असते तर आम्ही यंत्र पुन्हा लावलं असतं, त्यांच्या शेजारी बसलो असतो आणि विचारलं असतं, "काय गेलं ते तुम्ही सांगा. काय आलं ते आम्ही सांगतो."

आणि त्या मुलीला आमचं उत्तर असं: बेटा, तू तिथे कशाला होतीस हा प्रश्न तुला पडला, तिथेच तुझं गाणं सुरू झालं. पुढच्या वेळी ऐकणाऱ्याला डोळे मिटावे लागणार नाहीत अशी गा. बक्षीस कदाचित मिळणार नाही. एखादे वडीलधारे उठून म्हणतीलही की, हे तिचं नाही. त्या वेळी रडू नकोस. त्यांना विचार, "मग कुणाचं आहे?"