संघ जुळलाच नसता तर : सुपरहिरो कॉमिक्समधील पर्यायी इतिहास

ठरलेल्या कथेतील एखादी घटना बदलायची आणि तिथून पुढचे सारे नव्याने रचायचे, ही सुपरहिरो कॉमिक्समधील पर्यायी इतिहासाची रीत आहे. नायक एकटा असेल तर इतिहासाला फाटा बहुधा त्याच्या जन्मापाशी किंवा पहिल्या दुःखापाशी फुटतो. संघाची गोष्ट वेगळी. ही माणसे मुळात एकत्र का आली, आणि त्यांतला एक वगळला किंवा एक वाढवला तर बाकीचे एकत्र टिकतील का, असे प्रश्न तिथे उभे राहतात. या प्रकारातल्या मोजक्या श्रेष्ठ कथा याच प्रश्नांना भिडतात. बाकीच्या बहुतेक कथा काळ आणि पोशाख बदलण्यावर थांबतात.

सुरुवात डीसी या प्रकाशनसंस्थेने केली, तीही एक अडचण सोडवण्यासाठी. १९४०मध्ये अवतरलेल्या जस्टिस सोसायटी या संघातले फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न पुढे नव्या रूपात आले, तेव्हा जुन्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी १९६१मध्ये जुन्या फ्लॅशला दुसऱ्या पृथ्वीवर जागा दिली. १९६३मध्ये जस्टिस सोसायटी आणि नव्या नायकांची जस्टिस लीग यांची पहिली भेट झाली आणि पुढे ती वार्षिक प्रथाच बनली. १९६४ची तिसरी पृथ्वी पूर्ण उलटी होती. तिथे अमेरिकेचा कोलंबस युरोप शोधतो, लिंकन नट असतो आणि तो राष्ट्राध्यक्ष बूथला गोळी घालतो. जस्टिस लीगची जागा तिथे गुन्हेगारांच्या टोळीने घेतलेली असते. कल्पना मजेदार आहे, पण आरशातल्या प्रतिमेला स्वतःचा स्वभाव नसतो. १९७३मध्ये लेन वाइन यांनी नाझींनी जिंकलेली पृथ्वी रंगवली, तिथल्या फ्रीडम फायटर्सना मात्र लढण्याचे खरे कारण मिळाले. १९८५-८६च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकी मालिकेने या साऱ्या पृथ्व्यांच्या जागी एकच पृथ्वी ठेवली.

मार्व्हलने १९७७मध्ये ‘व्हॉट इफ’ हे नियतकालिकच काढले. पहिल्या अंकात रॉय थॉमस यांनी १९६३च्या एका छोट्या प्रसंगाला हात घातला. मूळ कथेत स्पायडरमॅन पगाराच्या आशेने फँटॅस्टिक फोरकडे जातो आणि रिकाम्या हाताने परततो. इथे ते त्याला सामावून घेतात. पाचवा आल्यावर चौघांतली सू स्टॉर्म हळूहळू बाजूला पडते आणि शेवटी नेमोरकडे, समुद्रतळीच्या राज्यात निघून जाते. ज्या कुटुंबाची घडी चौघांवर बसली आहे ती पाचव्याने विस्कटते, हे एवढ्या थोड्या पानांत दाखवणे हे मोठे कसब आहे. ॲव्हेंजर्स १९५०च्या दशकात जमले असते तर, असा प्रश्न विचारणारा नववा अंक त्या मानाने साधा होता, पण त्यातले विस्मृतीत गेलेले नायक २००६मध्ये जेफ पार्कर यांच्या ‘एजंट्स ऑफ ॲटलस’मधून मुख्य कथेत परतले.

संघाच्या पर्यायी इतिहासातले सर्वांत समृद्ध प्रकरण मात्र जस्टिस सोसायटीचेच आहे. १९५१मध्ये ती अंकांतून नाहीशी झाली, कारण तिचे नियतकालिक काउबॉयच्या कथांकडे वळले. बाजाराने केलेल्या या गच्छंतीला पॉल लेव्हित्झ यांनी १९७९मध्ये राजकीय कारण दिले: अमेरिकी काँग्रेसच्या समितीने मुखवटे उतरवायला सांगितले, आणि नायकांनी त्यापेक्षा निवृत्ती पत्करली. प्रकाशनाच्या इतिहासातली एक रिकामी जागा देशाच्या इतिहासातल्या भयाने भरून निघाली. १९९३-९४च्या ‘द गोल्डन एज’मध्ये जेम्स रॉबिन्सन आणि चित्रकार पॉल स्मिथ यांनी याच धाग्याचे वस्त्र विणले. युद्ध संपले आहे, संघातला अवरमॅन स्वतःला बळ देणाऱ्या गोळ्यांच्या आहारी गेला आहे, आणि अणुबॉम्बमागे आपले संशोधन होते या जाणिवेने स्टारमॅन मनाने कोलमडला आहे. शत्रू गेल्यावर एकत्र राहण्याचे कारणच उरत नाही, आणि त्या पोकळीत एक नवा लोकप्रिय पुढारी उभा राहतो. विस्कटलेला संघ पुन्हा का जुळावा, याचे एवढे प्रामाणिक उत्तर या प्रकारात दुसरे नाही. डार्विन कुक यांची २००४ची ‘द न्यू फ्रंटियर’ त्याच युद्धोत्तर काळाकडे अधिक आशेने पाहते, तरी वर्णद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनशी लढताना मारला जाणारा कृष्णवर्णीय नायक जॉन हेन्री त्या आशेची किंमत वाचकाला विसरू देत नाही.

एक्स-मेनची कसोटी १९९५च्या ‘एज ऑफ अपोकॅलिप्स’ने घेतली. एक्स-मेनचा शिक्षक झेवियर याचा मुलगा भूतकाळात, पुढे त्यांचा शत्रू होणाऱ्या मॅग्निटोला मारायला जातो, पण मधे पडलेला झेवियरच मरतो. मग मॅग्निटो आपल्या मित्राच्या स्वप्नावर एक्स-मेन उभारतो. एरवी एक्स-मेनमधला सायक्लॉप्स शत्रूच्या चाकरीत आहे, बीस्ट क्रूर झाला आहे, आणि एरवी क्रूर असलेला सेबरटूथ नायकांच्या बाजूने लढतो. मार्व्हलने एक्स-मेनची नियमित मासिके चार महिने थांबवून त्यांच्या जागी नव्या नावांनी अंक काढले, त्यामुळे जुने जग खरेच गेले असे वाचकाला वाटले. शिक्षक गेला तरी शाळा टिकू शकते, हे इथे भाषणातून नव्हे तर कथानकातून सिद्ध होते. ॲलन डेव्हिस यांच्या १९९८च्या ‘द नेल’चे सूत्रही असेच नेमके आहे: खिळ्याने केंट दांपत्याच्या गाडीचे चाक पंक्चर होते, पुढे सुपरमॅन होणारे बाळ त्यांना सापडत नाही, आणि सुपरमॅनवाचून जस्टिस लीगवरचा लोकांचा विश्वास डळमळतो. नील गेमन आणि अँडी क्युबर्ट यांची ‘१६०२’ देखणी आहे. इन्क्विझिशनच्या छायेतले म्युटंट तिच्यात शोभतात, पण तिच्यातल्या फँटॅस्टिक फोरच्या चौघांचे नाते होते तसेच राहते.

आता हा प्रकार पाहुणा राहिलेला नाही. चित्रपट आणि मालिकांनी समांतर विश्वे इतकी स्वस्त केली की मृत्यू आला तरी दुसरी प्रत हजर होते, आणि निवडीचे वजन कमी होते. जोनाथन हिकमन यांनी २०२३मध्ये रचलेले नवे अल्टिमेट विश्व याला चांगले उत्तर देते. तिथे मेकर नावाचा दुसऱ्या विश्वातला रीड रिचर्ड्स नायकांना घडण्याआधीच अडवतो. त्या विश्वाचा स्वतःचा रीड सहप्रवासी गमावून, मूळ कथेतल्या शत्रूच्या नावाने, डूम बनतो, त्यामुळे फँटॅस्टिक फोर जन्मतच नाही. २०२४च्या ‘द अल्टिमेट्स’मध्ये डेनिझ कॅम्प आणि चित्रकार हुआन फ्रिगेरी या चोरलेल्या इतिहासातून नवा संघ उभा करतात. तरुण टोनी स्टार्क अनोळखी माणसांना शक्तीची साधने पाठवतो, आणि काही जण ती घ्यायलाही तयार नसतात. हा संघ आधीपासून ठरलेला नाही. प्रत्येक सदस्याला आपले होकाराचे कारण स्वतः शोधावे लागते.