मन्रोव्हिलचे घड्याळ

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधले न्यायालय जुने आहे. मूळ इमारत १८५६ साली जळाली, उरलेल्या खांबांमागे नवी उभी राहिली आणि तिच्या मनोऱ्यात गंजलेले, बेभरवशाचे घड्याळ आले, असे हार्पर ली सांगतात. त्यांच्या गावचे, अलाबामातील मन्रोव्हिलचे, खरे काउंटी न्यायालय मात्र १९०३ चे: लाल विटा, पांढरा घुमट, त्यातले घड्याळ. तिथल्या दालनाची मापे नेऊन हेन्री बमस्टेड यांनी १९६२ च्या चित्रपटासाठी हॉलिवुडमध्ये प्रतिकृती उभारली. तिच्या कलादिग्दर्शनाला ऑस्करही मिळाले.

१९६३ मध्ये न्यायालय नव्या इमारतीत गेले. जुन्यात आता संग्रहालय आहे. १९९१ पासून गावकरी तिथे कादंबरीचे नाटक करतात, ज्यूरी प्रेक्षकांतूनच निवडतात. नाटकाला माझी हरकत नाही. पण पर्यटक या दालनात टॉम रॉबिन्सनला शोधतात, याची मला खंत वाटते. याच काउंटीत १९३४ साली वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयाला बलात्काराच्या आरोपावरून फाशी सुनावली गेली. पुढे ती जन्मठेपेवर आली, आणि १९३७ मध्ये तो मेला. काही अभ्यासक टॉमचे मूळ त्याच्यात पाहतात. त्याच्या वकिलाचे नाव कुणाच्या ओठांवर नाही. ॲटिकस मात्र जगाला पाठ!

आणि १९९१ मध्ये हे नाटक उभे राहत असताना याच परिसरातला वॉल्टर मॅकमिलियन न केलेल्या खुनासाठी फाशीच्या कोठडीत होता. तो सुटला १९९३ मध्ये.