बाइंडर ड्रायव्हरमधील मेमरीदोष आणि त्याच्या दुरुस्त्या : एक चिकित्सा

संहितेची चिकित्सा ही केवळ साहित्याच्या अभ्यासकांची मिरासदारी नव्हे. संगणकाच्या कर्नलमध्ये केलेली दुरुस्ती हीदेखील एक संहिताच असते. तिला कर्ता असतो, हेतू असतो आणि कारण सांगणारे निवेदनही सोबत जोडलेले असते. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलमधील 'बाइंडर' या ड्रायव्हरच्या अशाच एका दुरुस्तीचा परामर्श घेतला आहे. अँड्रॉइड फोनमधील निरनिराळे प्रोग्राम परस्परांशी व्यवहार करतात तो या ड्रायव्हरमार्फत. साहजिकच त्यातील दोष हा फोनच्या पायातील दोष ठरतो.

दोषाचे स्वरूप एका परिचित प्रसंगाने स्पष्ट होईल. परंडा तालुक्यातील सोनारी येथे काळभैरवनाथाच्या यात्रेस आलेल्या एका भाविकाने धर्मशाळेत खोली घेतली आणि तिचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून मागून येणाऱ्या नातेवाइकाकडे धाडला, असे समजू. पुढे भाविकाने खोली सोडली व व्यवस्थापकाने ती दुसऱ्यास दिली. चिठ्ठी मात्र नातेवाइकाच्या खिशात तशीच राहिली. तो आता निःशंकपणे भलत्याच बिऱ्हाडात शिरणार! बाइंडरमध्ये थ्रेडची नोंद ठेवणारी मेमरी म्हणजे ही खोली आणि 'ई-पोल' या यंत्रणेकडील दुवा म्हणजे ही चिठ्ठी. थ्रेड संपला की मेमरी मुक्त होई, दुवा मात्र कायम राही. यालाच 'यूज आफ्टर फ्री' म्हणतात. मधल्या काळात त्या जागी घुसखोराने स्वतःस सोयीचा मजकूर बसवला, तर संपूर्ण कर्नलवर ताबा मिळवता येतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'सिझबॉट' या स्वयंचलित चाचणी-प्रणालीने हा दोष दाखवला. त्यावर मार्टाइन कूनेन यांनी केलेली दुरुस्ती अवघ्या काही ओळींची आहे. थ्रेड संपताना प्रतीक्षायादीतील दुवेधारकांना 'पोलफ्री' हा संकेत द्यावा, म्हणजे ते आपला दुवा काढून टाकतील, असा तिचा आशय. व्यवस्थापकाने 'खोली रिकामी झाली, चिठ्ठ्या फाडा' अशी हाक द्यावी, तसेच हे. उपाय सुटसुटीत आहे. परंतु तो उसना आहे. हा संकेत २०१२ मध्ये 'सिग्नल-एफडी' या वेगळ्याच सुविधेसाठी निर्माण झाला होता.

उसनेपणाची किंमत लवकरच मोजावी लागली. हाक देण्याच्या क्षणीच नातेवाईक स्वतःहून चिठ्ठी रद्द करावयास निघाला असेल तर? दोन कृती समांतर चालतात आणि कोणती आधी संपेल याचा नेम नसतो. हीच 'रेस कंडिशन'. मूळ दोष क्रमाचा होता. आता त्यात काळाचा दोष मिसळला. २०१८ मध्येच कूनेन यांनी पुरवणी दुरुस्ती केली. 'सिंक्रोनाइझ-आरसीयू' ही क्रिया योजून, वाटेत असलेले सर्वजण आपले काम उरकेपर्यंत मेमरी मुक्त करू नये, अशी व्यवस्था तिने लावली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये एरिक बिगर्स यांनी आणखी एक उणीव दूर केली. विशिष्ट प्रकारचे प्रतीक्षाधारक अनेक असल्यास हाक त्यांपैकी एकालाच ऐकू जात असे. शिवाय 'एआयओ' या दुसऱ्या यंत्रणेला तर या संकेताचा अर्थच ठाऊक नव्हता, असेही त्याच सुमारास पुढे आले.

येथे मूळ दुरुस्तीची मर्यादा उघड होते. मेमरीचा मालक कोण, हा प्रश्न तिने सोडवला नाही. तो ऐकणाऱ्याच्या सौजन्यावर सोपवला. अर्थात कूनेन यांच्यावर याचा सारा भार टाकणे अन्यायाचे होईल, कारण ई-पोलची रचनाच तशी आहे. मालकीचे नियम भाषेतच असलेल्या रस्टमध्ये बाइंडरचे पुनर्लेखन होऊन ते २०२५ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले खरे. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यातही एक रेस कंडिशन नोंदवली गेली आणि तीही भाषेचे नियम शिथिल केलेल्या 'अनसेफ' भागात.

याहून गंभीर आक्षेप दुरुस्तीच्या प्रवासाविषयी आहे. कूनेन यांच्या निवेदनात 'यूज आफ्टर फ्री' हा शब्द स्पष्टपणे आहे. तरीही त्या वेळी या दोषास सुरक्षा-क्रमांक मिळाला नाही आणि अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा-पत्रकातही तो आला नाही. अँड्रॉइडच्या सामाईक कर्नलमध्ये दुरुस्ती पोचली. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या अनेक फोनांत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरोतील मॅडी स्टोन यांनी तो पुन्हा नोंदवला, तेव्हा त्याचा गैरवापर होत असल्याची माहिती त्यांच्याकडे आलेली होती. मगच त्याला सीव्हीई-२०१९-२२१५ हे नाव लाभले. बाधित फोनांच्या त्यांच्या यादीत गूगलच्याच पिक्सेल २ बरोबर, भारतात सुमारे पाच हजार रुपयांना विकला गेलेला रेडमी ५ए हाही होता.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल-प्रकल्प स्वतःच असे क्रमांक देतो. मात्र क्रमांकांच्या गर्दीत तातडीचा कोणता, हे ओळखणे आता अवघड झाले आहे. सोनारीसारख्या गावात शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा आणि बँकेचा व्यवहार एकाच स्वस्त फोनवर होतो. त्याच्या उत्पादकाने सुधारणा पाठवणे थांबवले की कर्नलमधील पुढची प्रत्येक दुरुस्ती त्या फोनच्या दाराबाहेरच राहते, आणि पडद्यावर तशी सूचनाही उमटत नाही.