आप्तवाक्य, यंत्रवाक्य आणि समीक्षेची जबाबदारी

१

माहात्म्य हा आपल्या परंपरेतील एक रूढ वाङ्मयप्रकार आहे. एखाद्या क्षेत्राचे, नदीचे अथवा व्रताचे सामर्थ्य त्यात कथांच्या द्वारे वर्णिले जाते आणि अखेरीस फलश्रुती येते. फलश्रुतीची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. ती नेहमी भविष्यकाळात बोलते. आणि फळ न मिळाल्यास दोष श्रोत्याच्या श्रद्धेकडे जातो, संहितेकडे येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी गेल्या काही वर्षांत जे विपुल लेखन झाले आहे, त्याचा वाङ्मयप्रकार निश्चित करावयाचा झाल्यास तो माहात्म्याच्या बराच जवळचा ठरेल. रोगनिदान अचूक होईल, शेती किफायतशीर होईल, प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक लाभेल, अशी ही फलश्रुती आहे. तिच्या शेजारीच एक प्रलयकथाही सांगितली जाते. तिच्यात यंत्र स्वतंत्र होते आणि माणूस त्याचा दास बनतो. वरकरणी परस्परविरोधी असलेल्या या दोन आख्यानांत एक गृहीत समान आहे. यंत्राच्या ठिकाणी कोणी एक ‘बोलणारा’ आहे, असे दोन्ही आख्याने धरून चालतात. हे गृहीत कसे निर्माण होते आणि ते तपासण्याची जबाबदारी साहित्यसमीक्षेवर का येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञाच मुळात एका फलश्रुतीतून जन्मली. जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावात ती आली. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ येथे दहा जणांनी दोन महिने काम केल्यास या विषयात लक्षणीय प्रगती होईल, अशी त्यात अपेक्षा होती. त्यानंतरचा इतिहास आशा आणि निराशा यांच्या आवर्तनांचा आहे. ब्रिटनमध्ये १९७३ च्या लाइटहिल अहवालाने या क्षेत्रातील दाव्यांची कठोर चिकित्सा केली आणि तेथील संशोधनाचे अर्थसाहाय्य आटले. त्याआधी १९५० मध्ये अॅलन ट्युरिंग यांनी ‘यंत्र विचार करू शकते काय’ हा प्रश्न बाजूला सारून त्याच्या जागी अनुकरणाचा एक खेळ मांडला होता. उत्तरे वाचणाऱ्याला समोर यंत्र आहे की माणूस हे ओळखता येते काय, एवढाच आता प्रश्न उरला. म्हणजे बुद्धिमत्तेचा निर्णय वक्त्याकडून वाचकाकडे सरकला. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संभाषणाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा या सरकण्याचा अर्थ उघड झाला. हा कार्यक्रम समोरच्याचीच वाक्ये थोडी फिरवून परत करीत असे. तरीही त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. वाक्य समोर आले की वाचक त्याच्यामागे वक्ता कल्पितो, ही निवेदनशास्त्राला परिचित असलेली गोष्ट येथे यंत्राच्या बाबतीत सिद्ध झाली.

२

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सार्वजनिक झाल्यापासून ही प्रक्रिया आपल्या अध्यापनकक्षापर्यंत येऊन पोचली आहे. माझ्या पदव्युत्तर वर्गाला मी स्थानिक आख्यानांवर निबंध लिहावयास सांगितले होते. एका विद्यार्थ्याने पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव निवडले. सह्याद्रीच्या ऐन कुशीतले हे गाव. तेथील उंच सुळक्याला लोक ‘भीमाची काठी’ म्हणतात, आणि सिंहगडाच्या आख्यानातील शेलारमामांचे नाव लोकपरंपरा याच गावाशी जोडते. निबंधाची भाषा निर्दोष होती. परिच्छेद मोजूनमापून पाडलेले होते. निसर्गवर्णन, शौर्य, परंपरा, पर्यटनाची शक्यता असे सर्व काही त्यात यथास्थित होते आणि तळाशी एका ग्रंथाचा संदर्भही होता. तो ग्रंथ मला कोणत्याही सूचीत आढळला नाही. ‘हे कोण म्हणते?’ असे मी विचारले, तेव्हा निबंध यंत्राकडून लिहून घेतल्याचे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्याचे आजोळ त्याच खोऱ्यात आहे. भीमाच्या काठीची गोष्ट आजीला विचारली होतीस काय, या प्रश्नावर तो गप्प राहिला.

या प्रसंगाकडे विद्यार्थ्याच्या आळसाचा मासला म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. असे यंत्र प्रचंड लिखित सामग्रीवरून एका शब्दखंडामागून कोणता शब्दखंड येण्याचा संभव अधिक, हे शिकते आणि त्यानुसार वाक्ये रचते. जे वारंवार लिहिले गेले, ते त्याला सहज सुचते. जे विरळ लिहिले गेले, त्याच्या जागी ते सदृश असे काहीतरी भरते. एखाद्या प्रसिद्ध शहराविषयी ते पुष्कळसे बरोबर लिहील. कुडपणविषयी मात्र ते कोणत्याही डोंगरी गावाविषयी लिहावे तसे लिहिते, कारण कुडपणचे जे विशेष आहे ते बहुतांशी बोलण्यात आहे, लेखनात नाही. नसलेला ग्रंथ आणि असलेला ग्रंथ यांत यंत्राच्या दृष्टीने घडणीचा फरक नसतो; दोन्ही संदर्भ सारख्याच रीतीने रचलेले असतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना दंड केला, तो त्यांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांवर शंका घेतली गेल्यावरही ते लावून धरले म्हणून. दंड वकिलांना झाला ही गोष्ट महत्त्वाची आहे. यंत्राला दंड करता येत नाही.

३

येथे आपल्या पिढीच्या समीक्षेने आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. ती आम्ही विद्यार्थिदशेत उत्साहाने स्वीकारली आणि पुढे वर्गांतून शिकवली. संहिता म्हणजे अनेक अवतरणांचे विणकाम, अर्थाचे स्थान वाचक, ही भूमिका लेखकाच्या चरित्रात अर्थ शोधणाऱ्या समीक्षेला उतारा म्हणून मोलाचीच होती. परंतु तिच्यात अर्थाचा स्वामी आणि विधानाचा जबाबदार या दोन भूमिका एकत्र मिसळल्या गेल्या. पहिली नाकारताना दुसरीही आपण नकळत सोडून दिली. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाकडे अधिक सावधपणे पाहिले होते. लेखनाबद्दल शिक्षा होण्याचा संभव निर्माण झाला त्या प्रमाणात लेखनाला कर्ते लाभले, असे त्यांचे निरीक्षण आहे. आज ज्याला अक्षरशः लेखक नाही असे लेखन आपल्या हाती आले आहे. त्यातून मुक्त वाचक जन्माला आल्याचे दिसत नाही. ‘हे कोण म्हणते?’ असे विचारण्याची सवयच गमावलेला वाचक मात्र दिसतो.

या प्रश्नासाठी न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाची संकल्पना उपयोगी पडते. शब्द हे प्रमाण ठरते ते आप्ताचे असेल तर. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, असा वक्ता. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू पडते, असेही भाष्यकार म्हणतो. म्हणजे आप्तत्व विद्वत्तेवर वा कुळावर अवलंबून नाही. त्या विद्यार्थ्याची आजी आपल्या डोंगराविषयी आप्त असू शकते. यंत्राने मात्र डोंगर पाहिलेला नाही आणि सांगण्याची इच्छाही त्याला नाही. त्याचे वाक्य अनेकदा खरे असते, परंतु ते खरे असणे हा योग आहे. आप्ताचेही वाक्य चुकते, पण त्याला चूक दाखवता येते आणि तो ती आपली मानू शकतो.

यावर एक आक्षेप संभवतो. मौखिक परंपराही साच्यांनी रचते, आणि शाहीर तरी साक्षात जाणणारा कोठे असतो? तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा याचे उत्तम उदाहरण आहे. अॅकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहातून तो वाचकांपर्यंत पोचला, आणि घोरपडीची व वृद्ध शेलारमामांची कथा त्याने लोकमानसात दृढ केली. हरी नारायण आपटे यांच्या १९०३ च्या कादंबरीने तान्हाजीच्या मृत्यूनंतर गडाला ‘सिंहगड’ नाव मिळाल्याची समजूत घरोघर नेली. प्रत्यक्षात ही लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची आहे, आणि शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव येते. मग शाहीर, कादंबरीकार आणि यंत्र यांत भेद काय?

भेद असा, की शाहीर आपली नाममुद्रा पोवाड्यात गुंफतो आणि श्रोत्यांसमोर उभा राहून गातो. श्रोते त्याला अडवू शकतात, दुसऱ्या गावचा शाहीर त्याच्याहून वेगळे सांगू शकतो. कादंबरीवर आपट्यांचे नाव आहे. पत्रावर तारीख आहे. म्हणूनच इतिहाससंशोधक या तिघांना समोरासमोर आणून वाद घालू शकला. यंत्रवाक्यात हे सर्व साक्षीदार एकाच गुळगुळीत स्वरात विरघळतात. कोणाचे म्हणणे कोठे संपते हे कळत नाही आणि उलटतपासणी अशक्य होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती प्रक्षेप ओळखून वेगळे काढता येतात या विश्वासावर. ज्या लेखनसंचयात यंत्राची वाक्ये खुणेवाचून मिसळत जातील आणि तोच संचय पुढच्या यंत्राचे खाद्य होईल, त्याच्या पाठशुद्धीची रीत आज तरी आपल्यापाशी नाही.

४

याचा अर्थ हे तंत्र त्याज्य आहे असा नव्हे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’ उपक्रमासारख्या प्रयत्नांमुळे ज्याला इंग्रजी येत नाही त्याला शासकीय माहिती मराठीत मिळणे सुकर होऊ शकते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. पाऊस, माती आणि उतार यांच्या नोंदींवरून दरडींचा अंदाज बांधण्याचे प्रयत्नही चालू आहेत. याच डोंगरांच्या संदर्भात त्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही बळी गेले.

परंतु फलश्रुती आणि जबाबदार विधान यांतील अंतर येथेच सर्वाधिक स्पष्ट होते. ‘आज रात्री वाडी सोडा’ हे वाक्य संभाव्यतेच्या गणिताने सुचवता येईल, पण उच्चारावे लागेल ते कोणा माणसाने. भर पावसात घर, गुरे आणि भाताचे कणगे मागे टाकून जायचे की नाही, हे ऐकणारा ठरवतो तो सांगणाऱ्याला ओळखून. इशारा खोटा ठरल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत तोंड दाखवण्याची ज्याची तयारी आहे, त्याचाच शब्द पुढच्या वेळी चालतो. यंत्राचा अंदाज तलाठ्याच्या, सरपंचाच्या वा शास्त्रज्ञाच्या मुखातून आला तर तो आप्तवाक्याला बळ देईल. त्यांच्या जागी आला, तर चुकीच्या इशाऱ्याचे आणि न दिलेल्या इशाऱ्याचे उत्तरदायित्व कोणावरच राहणार नाही. मला कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा धोका येथे दिसतो. यंत्र माणसावर राज्य करील यापेक्षा माणसे आपली उत्तरे यंत्राच्या नावावर टाकून मोकळी होतील, ही शक्यता अधिक जवळची आहे. शिवाय यंत्राचा सौम्य, सभ्य स्वरही माणसांनीच घडवलेला आहे. त्यासाठी केनियातील कामगारांनी ताशी दोन डॉलरहूनही कमी मोबदल्यात हिंसक मजकूर वाचून वेगळा काढल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. माहात्म्यात त्यांचा उल्लेख नसतो.

समीक्षेचे काम यातून ठरते. यंत्राला प्रतिभा आहे काय, या चर्चेत आपण बराच वेळ घालवला आहे. प्रत्येक विधानामागे कोण उभा आहे हे विचारणे, पाठ आणि प्रक्षेप वेगळे करणे, नाममुद्रा शोधणे ही आपली जुनी कामे आज अधिक निकडीची आहेत. त्या विद्यार्थ्याला मी निबंध परत केला आणि आजीकडे जाण्यास सांगितले. महिन्याने त्याने आणलेली पाने विस्कळीत होती, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या, आणि एके ठिकाणी त्याने लिहिले होते की ही गोष्ट आजीला तिच्या सासूने सांगितली, पण शेजारच्या वाडीत ती निराळी सांगतात. त्या एका वाक्यापासून संशोधनाला प्रारंभ होऊ शकतो.